हळुवाररावांची दुसरी ओळ

ग्लासगोत हाल्वार लीएनचं अपेंडिक्स फुगलं नसतं तर तो वर्ष संपताच नॉर्वेला परत गेला असता, आणि पुढचं काहीच झालं नसतं. साल १९८१. तिथल्या विद्यापीठात तो नॉर्वेजियन शिकवायला आला होता. विद्यार्थी चार, त्यातला एक नॉर्वेजियनच. पोट धरून तो हॉस्पिटलात पोचला तेव्हा भूल द्यायला उभी होती डॉक्टर उल्का परचुरे, सांगलीची मुलगी. एकटीनं भूल द्यायची तिची ही पहिलीच केस.

“दहापासून उलटे आकडे म्हणा,” ती म्हणाली.

“आकडे नकोत. मी कवी आहे,” असं म्हणून हाल्वारनं स्वतःची एक कविता सुरू केली. पहिली ओळ नीट झाली. दुसरी तोंडात यायच्या आत तो घोरायला लागला.

शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, कविता कशी वाटली? उल्का म्हणाली, “झोप माझ्या औषधानं लागली की तुझ्या कवितेनं, ते अजून नक्की होत नाहीये.” दोन वर्षांनी त्यांनी रजिस्टर लग्न केलं. आणखी वर्षभरानं उल्काला लंडनजवळच्या स्लाऊ गावात कायमची नोकरी लागली आणि दोघं तिथं घर घेऊन राहिले. दोघांचाही धंदा लोकांना झोपवण्याचा, पण पगार एकीलाच मिळतो, असं उल्काच्या मैत्रिणी म्हणायच्या. तोंडावर म्हणायच्या.

हाल्वार उत्तर नॉर्वेतल्या एका बेटावरचा. वडील कॉड मासे लाकडी मांडवांवर वाळत घालायचे. अंगणात, घरात, पांघरुणात एकच वास. त्या वासातून सुटावं म्हणून पोरगा कविता करायला लागला, तर कवितेतही मासेच आले. त्याचे दोन संग्रह निघाले. पहिल्याचं नाव ‘मीठ’. दुसऱ्याचं ‘कमी मीठ’. दुसऱ्यात कवीची वाढ दिसते असं समीक्षकांनी लिहिलं. गिऱ्हाइकांनी दोन्हींत फरक केला नाही, दोन्ही घेतले नाहीत. तरुणपणी त्यानं आणि मित्रांनी यमकाविरुद्ध एक जाहीरनामा काढला होता. यमक म्हणजे गाय हरवू नये म्हणून तिच्या गळ्यात बांधलेली घंटा, आणि आम्हांला हरवलेली गाय हवी आहे, असं त्यात म्हटलं होतं. सही करणाऱ्यांपैकी एकानं पुढं प्रेमात पडून चार ओळी जुळवल्या, तर हाल्वारनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

स्लाऊला आल्यावर कविता आटली. कुठं गळती लागली ते त्यालाही कळलं नाही. तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका कंपनीसाठी तो बॉयलर आणि हीटरची माहितीपत्रकं नॉर्वेजियनमध्ये उतरवायचा. ‘ज्योत निळी असावी. पिवळी दिसल्यास खिडकी उघडा आणि घराबाहेर पडा.’ हे वाक्य त्याला आपल्या दोन्ही संग्रहांहून सरस वाटायचं, आणि ते आपलं नाही हे आठवलं की जेवण जायचं नाही.

मराठी तो शिकला ते काही साहित्यप्रेमापोटी नव्हे. उल्का दर रविवारी सांगलीला आईशी फोनवर बोलायची. त्या बोलण्यात मधूनच ‘हाल्वार’ यायचं, आणि त्यापाठोपाठ हसू. भाषा शिकायला एवढं कारण पुरतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यानं कुठल्याशा पाद्र्यानं शंभरेक वर्षांपूर्वी लिहिलेलं मराठीचं व्याकरण पैदा केलं आणि ते तोंडपाठ केलं. त्यामुळं त्याचं मराठी अगदी शुद्ध झालं, फक्त शतक चुकलं. मराठी मंडळाच्या गणपतीत सुप्रभानं त्याला सहज विचारलं, “जेवलात का?” ही सुप्रभा उल्काची मैत्रीण, राहायला हाउन्सलोला, हीथ्रोच्या कार्गोमध्ये नोकरी, आणि तोंडाला दार नाही. हाल्वार हात जोडून म्हणाला, “नाही बाई. मी अत्यंत क्षुधित आहे. कृपा करून मजला भात द्यावा.”

“अगं उल्का,” सुप्रभा ओरडली, “तुझा नवरा पेशव्यांकडून आलाय का गं?”

भात मिळाला, आणि त्या दिवसापासून मंडळात त्याचं नाव हळुवारराव पडलं.

सत्त्याऐंशीत उल्काचे वडील, चंद्रशेखरराव, गेले. उल्का जाऊन आईला घेऊन आली. मधुमतीबाई सहा महिन्यांसाठी आल्या आणि राहिल्या. जावई जेवणानंतर बाह्या सारून भांडी घासायला उभा राहतो, हा त्यांना बसलेला पहिला धक्का. भांडी स्वच्छ निघतात, हा दुसरा. जावयाशी नजर देऊन बोलायची सवय नव्हती, म्हणून सुरुवातीला त्या फ्रीजकडे बघून बोलायच्या. हाल्वारला वाटायचं की ही मराठीतली आदराची रीत असेल, म्हणून तोही फ्रीजकडे बघूनच उत्तर द्यायचा.

उल्काकडे दर जानेवारीत हळदीकुंकू असायचं. संक्रांत कुठल्याही वारी येवो, स्लाऊत ती शनिवारी व्हायची. पुढच्या खोलीत बायका, वरच्या पलंगावर त्यांच्या कोटांचा डोंगर. नवरे दारापर्यंत सोडून पबमध्ये जायचे. हाल्वारला पबमधलं फुटबॉल सोसायचं नाही, म्हणून तो स्वयंपाकघरात कपबश्या विसळत थांबायचा. आणि मधुमतीबाईही तिथंच, तिळाचे लाडू वळत.

“काकू, बाहेर या ना,” सुप्रभा दर वर्षी दारात येऊन म्हणायची. “आम्ही नाही मानत असलं काही.”

“मी मानते असं कुठं म्हटलं? लाडू कोण वळणार?”

तेवढ्यावर विषय संपायचा. अशा रीतीनं हळदीकुंकवाला न चालणारी घरातली दोन माणसं, एक विधवा आणि एक नॉर्वेजियन, एका सिंकपाशी आली, आणि तिथं त्यांचं फ्रीज सोडून एकमेकांकडे बघून बोलणं सुरू झालं.

स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधल्या भिंतीत बश्या पलीकडे सरकवण्यासाठी एक चौकोनी खिडकी होती. एका संक्रांतीला तिच्यातून सुप्रभाचा आवाज आला:

“हीथ्रोवर उतरलं विमान, बॅगेत निघालं लोणचं,
पद्माकररावांचं नाही, तर सांगा तरी कोणाचं?”

पलीकडे हशा झाला. अलीकडे हाल्वारच्या हातातली बशी निसटली.

“आई, हे काव्य कोणाचे?”

“काव्य कसलं? उखाणा आहे. नवऱ्याचं नाव घेतेय.”

“परंतु विमानाचा, लोणच्याचा आणि पतीचा परस्परसंबंध काय?”

“काही नाही. जुळलं, घेतलं.”

काही नाही! हाल्वार सिंकला टेकला. ज्या उडीसाठी त्यानं आणि मित्रांनी ऑस्लोत उपाशीतापाशी तारुण्य घालवलं, ती उडी ही बाई कार्गो ऑफिसातून येऊन, हातात वाटी घेऊन, सहज मारत होती. तेवढ्यात डॉक्टर शशिधरांची बायको वैजयंती सुरू झाली: “फ्रीजमध्ये दूध, दुधावर साय, शशिधरराव सॉरी म्हणतात, पण उपयोग काय?” हाल्वारनं डोळे मिटून घेतले.

त्या दिवसापासून तो उखाणे गोळा करून नॉर्वेजियनमध्ये उतरवू लागला. यमक त्यानं अर्थातच काढून टाकलं. घंटा काढली, गाय मोकळी सोडली. ‘विमान खाली आले. पेटीत लोणचे. माझ्या पतीचे नाव पद्माकर.’ अशा वीसेक कविता एका मासिकात छापून आल्या आणि तिकडे खळबळ उडाली. एका समीक्षकानं लिहिलं की या अनामिक कवयित्रींनी वस्तूंमधली गोठलेली शांतता पकडली आहे. दुसऱ्यानं त्यांना ‘स्लाऊ संप्रदाय’ असं नाव दिलं.

“म्हणजे माझं लोणचं नॉर्वेत गाजलं?” सुप्रभानं विचारलं.

“अत्यंत,” हाल्वार म्हणाला.

“आणि आमचे हे बसलेत इथं त्यात मीठ जास्त झालं म्हणत.”

पण हाल्वारचा जीव अडकला होता तो वेगळ्याच ठिकाणी. उल्कानं एकदा बोलता बोलता सांगितलं की आईनं लग्न होऊन आल्यावर उंबऱ्यावर घेतलेला उखाणा सांगलीत फार गाजला होता. तिच्या आत्यानं तिला पहिली ओळ सांगितली होती. दुसरी सांगताना आत्याला हसू आवरायचं नाही, आणि तशीच ती आत्या वारली. पहिली ओळ होती: दारापुढं रांगोळी, रांगोळीत एक चूक.

हाल्वार दोन दिवस ती ओळ पुटपुटत फिरला. दार. रांगोळी. एक चूक. पुढं काय असेल? त्याला वाटलं, पुढं शून्य असणार. पुढं मृत्यू असणार, किंवा निदान समुद्र. नॉर्वेतल्या बर्गेनच्या एका प्रकाशन संस्थेतल्या राग्निल या बाईंनी उखाण्यांचं पुस्तक करायचं ठरवलं तेव्हा त्यानं बेधडक नाव दिलं, ‘रांगोळीतली एक चूक’.

राग्निलबाईंनी फोन केला. “हस्तलिखितात या कवितेची एकच ओळ आहे, आणि पुढं टिंबं.”

“दुसरी ओळ तपासतो आहे.”

“आहे ना पण?”

“आहे,” हाल्वारनं ठोकून दिलं.

“जानेवारीत मी लंडनला येतेय. तेव्हा बघू. अर्ध्या कवितेचं नाव मी पुस्तकाला देणार नाही, हाल्वार. आणि हीच कविता नसेल तर बाकीच्यांत मला तेवढा रस नाही.”

हे त्र्याण्णवच्या नोव्हेंबरात झालं. हाल्वार पन्नाशीला टेकला होता. ‘कमी मीठ’ला पंधरा वर्षं होऊन गेली होती. त्याच वर्षी निघालेल्या एका नॉर्वेजियन कोशात त्याच्या नावापुढं ‘हे कवी होते’ असं छापलं होतं. त्यानं संपादकांकडे तक्रार करायची ठरवली, पण त्या वाक्यात नेमकं चुकीचं काय, ते त्याला सांगता येईना. हे पुस्तक निघालं नाही तर ते वाक्य बरोबर ठरणार होतं.

मग त्यानं सरळ विचारलं. मधुमतीबाई पोळ्या लाटत होत्या. तो ओट्यापाशी उभा राहून म्हणाला, “आई, कृपा करून आपल्या पतीचे नाव घ्यावे.”

लाटणं थांबलं. “आता कसलं नाव, आणि कुणापुढं घ्यायचं?” त्या म्हणाल्या, आणि पोळी अर्धी टाकून वर निघून गेल्या.

“यू डिडन्ट!” उल्का घरी येऊन ऐकल्यावर कपाळावर हात मारून म्हणाली. “अरे, बाबा गेल्यापासून तिनं त्यांचं नाव तोंडातून काढलेलं नाही. त्या पिढीत तसंच असतं. आणि तू पोळ्यांच्या मधे जाऊन विचारलंस?”

“मग मी स्वतः रचू काय? पाहा: दारापुढं रांगोळी, रांगोळीत एक चूक. आणि दार अन्यत्र.”

“आईच्या तोंडी ‘दार अन्यत्र’? हाल्वार, ती शेजाऱ्यांनाही दार नीट लावून घ्या म्हणून सांगणारी बाई आहे.”

त्यालाही ते पटलं. भाषांतरकार म्हणून त्यानं आयुष्यात पुष्कळ खोटं केलं होतं, पण मूळच नसलेलं भाषांतर कधी केलं नव्हतं. चार दिवस घरात पोळ्या अबोल होत्या. पाचव्या दिवशी तो बाईंची क्षमा मागायला गेला. व्याकरणातल्या क्षमेच्या पाठातली तिन्ही वाक्यं म्हणाला. तिसऱ्या वाक्याला मधुमतीबाईंना हसू फुटलं.

“पुरे, पुरे. एक सांगा, तुम्ही माझ्या लेकीचं नाव कधी घेतलंत?”

“नित्य घेतो. उल्का.”

“तसं नव्हे. उखाण्यात. ऑफिसात सह्या करून लग्न केलंत, दारात कुणी अडवलंसुद्धा नाही तुम्हांला. फुकट सुटलात. आधी तुम्ही घ्या, मग माझं बघू.”

“मुक्तछंद चालेल?”

“जुळलं पाहिजे,” मधुमतीबाई म्हणाल्या.

हरवलेल्या गाईचा मालक घंटा शोधायला निघाला. पहिला प्रयत्न त्यानं डिसेंबरात ऐकवला: “हिम पडते. उल्का. हिम पडत नाही.”

“हे हवामानखात्याचं झालं.”

दुसऱ्यात त्यानं कॉड मासा घातला. बाईंनी नाकाला पदर लावला. तिसऱ्यात ‘उल्का’ला ‘हलका’ जुळवला. बाईंनी मान हलवली. मुलीचं नाव मधे यावं, टोकाला नव्हे, आणि मुळात हलका कोण? चौथा प्रयत्न दहा ओळींचा होता. “अहो जावई, एवढ्यात तर वरात जेवून परत जाते.” त्या महिन्यात त्याच्या डोक्यात दुसरं काही राहीना. हीटरच्या एका माहितीपत्रकातली दोन वाक्यं आपोआप जुळली, आणि साहेबानं बोलावून विचारलं की ही गाण्याची ओळ आहे की सूचना.

जानेवारीतला शनिवार आला. राग्निलबाई लंडनहून ट्रेननं आल्या. बायकांनी त्यांना ‘या रागिणीताई’ म्हणून मधोमध बसवलं. कुंकवाची बोटं पुढं करून सुप्रभानं विचारलं, “नवरा आहे ना?”

“दोन होऊन गेले. आता तिसरा आहे.”

“मग काय प्रश्नच नाही. लाव गं, भरपूर लाव.”

हाल्वार आत भांडी घासत होता. राग्निलबाईंनी दारातच त्याला सांगितलं होतं, “जेवणानंतर दुसरी ओळ ऐकते, आणि मग करारावर सही.” त्यानं नुसती मान डोलावली होती.

“जमलं?” मधुमतीबाईंनी लाडू वळता वळता विचारलं.

“नाही, आई. मी निष्फळ झालो. मी त्यांना सत्य सांगून टाकतो.”

त्यानं नळ जोरात सोडला. सिंकमध्ये फेस वर आला, कोपरापर्यंत. तो त्या फेसाकडे बघत राहिला. पलीकडून उल्काचं हसू आलं, तेच, रविवारच्या फोनवरचं. आणि दहा वर्षं ज्या नळाला पाणी नव्हतं त्यातून एकदम घरघर झाल्यासारखं काहीतरी त्याच्या पोटात झालं, अपेंडिक्स होतं त्याच जागी. तो नळ बंद करून ताठ उभा राहिला आणि भिंतीकडे बघून मोठ्यानं म्हणाला:

“नळाखाली भांडी, भांड्यांवर फेस,
उल्का देते भूल, आणि मी तिची पहिली केस!”

खिडकी उघडीच होती. पलीकडे असा गलका उठला की शेजारच्या घरातून भिंतीवर थाप पडली. सुप्रभानं खिडकीतून डोकं आत घातलं. “हळुवारराव! अहो, पेशवाईतून बाहेर आलात की!” तिच्यामागं उल्काचा चेहरा कुंकवाहून लाल झाला होता, आणि ती हसत नव्हती, हे हाल्वारनं पाहिलं.

मधुमतीबाईंनी हातातला लाडू ताटात ठेवला. पदरानं हात पुसले.

“दुसरी ओळ माझी नाहीच,” त्या म्हणाल्या.

खिडकीपलीकडचा गलका थांबला.

“मी उंबऱ्यात उभी. नणंद दार अडवून. दुपार टळून गेलेली, मिरवणुकीत पायांचे तुकडे पडलेले. खाली बघितलं तर रांगोळीत कुणाचं तरी पाऊल पडून एक ठिपका फिसकटलेला. तो दिसला म्हणून पहिली ओळ म्हटली, आणि पुढं अडकले. ह्यांचं एवढं लांबलचक नाव, ते ओळीत बसेना, ‘चूक’ला काही जुळेना. सगळे तोंडाकडे बघतायत. मला रडूच यायला लागलं. तेवढ्यात मागून हे म्हणाले…” बाई थांबल्या. मग त्यांनी मान जराशी मागं नेली आणि कुणा सावकाश बोलणाऱ्या पुरुषाच्या आवाजात म्हटलं:

“मधुमतीचं नाव घेतो, मला लागली भूक.”

आधी वैजयंती हसली, आणि मग सगळ्याच.

“सासूबाई म्हणाल्या, निर्लज्ज. पण दार सोडलं.”

हाल्वारचे ओले हात तसेच हवेत होते. शून्य नव्हतं. मृत्यू नव्हता, समुद्र नव्हता. दारात उभा असलेला एक भुकेला माणूस होता. “परंतु आई,” तो कसाबसा म्हणाला, “यात त्यांचे नाव नाहीच! आपलेच आहे. आपण हे केव्हाही सांगू शकत होता.”

“तुम्ही नाव घ्या म्हणत मागं लागलात. नाव कुठंय यात? हे त्यांचं बोलणं आहे.” बाईंनी पुन्हा लाडू हातात घेतला. “ते मी कुणाला दिलं नव्हतं. आज तुम्ही दिलंत, म्हणून दिलं.”

“काय म्हणाल्या त्या?” सुप्रभाला बाजूला सारून राग्निलबाईंनी खिडकीतून विचारलं. कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं.

हाल्वारनं भाषांतर केलं, जसं तो नेहमी करायचा, घंटा काढून. राग्निलबाई ऐकत राहिल्या. “छान आहे,” त्या म्हणाल्या, “पण त्या सगळ्या एवढ्या का हसल्या?”

“ते जुळतं,” हाल्वार म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं की नॉर्वेजियनमध्ये चूक आणि भूक काही केल्या जुळत नाहीत. ही ओळ न जुळवता सांगितली तर तो माणूस नुसता भुकेला राहतो. जुळवून सांगितली तर दार उघडतं.

राग्निलबाईंनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, तिळाच्या ताटाशेजारी, करारावर सही केली. “यमक शोधायला वेळ घे,” त्या म्हणाल्या. “तुला सवय नाही.”

त्या एका यमकासाठी पुस्तक लांबणीवर पडलं. शेवटी ‘भूक’साठी त्याला शब्द सापडला तो वडिलांचा, मासे वाळत घालताना दुपारी ते जो म्हणायचे तो, शहरात कुणाला ठाऊक नसलेला. ‘स्लाऊ संप्रदाया’वर लिहिणारे समीक्षक नाराज झाले, एवढी गोठलेली शांतता, आणि शेवटी जेवण? वाचकांनी मात्र पुस्तक घेतलं. ज्याच्याशी हाल्वारनं बोलणं टाकलं होतं त्या जुन्या मित्राचा ऑस्लोहून फोन आला. तो काही बोललाच नाही, नुसतं टेलिफोनच्या तोंडाशी एक छोटी घंटा वाजवत राहिला.

पुढच्या संक्रांतीला सुप्रभा पुन्हा दारात आली. “काकू, आता तरी बाहेर या ना. फेमस झालात तुम्ही.”

“लाडू कोण वळणार?” मधुमतीबाई म्हणाल्या. मग जावयाकडे वळल्या. “तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाहीत. वाढू का थोडं?”

हाल्वारनं नळ बंद केला. पाद्र्याच्या व्याकरणातलं वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

“आई,” तो म्हणाला, “मला लागली भूक.”

“निर्लज्ज,” मधुमतीबाई म्हणाल्या, आणि त्याच्या ओल्या तळव्यावर लाडू ठेवला.